जुन्या जीपचे ब्रेक दोन वाटांवर नेताना : प्रकल्प नोंदी

२६ नोव्हेंबर २०२३

वडिलांनी वापरलेली १९७४ सालची महिंद्र सीजे-३बी आज मागच्या शेडमध्ये लोखंडी घोड्यांवर चढवली आणि चारही चाके उतरवली. या वहीत ब्रेकच्या कामापुरतेच लिहायचे ठरवले आहे. इंजिन, रंग आणि हूड यांचा विषय निघाला की लेखणी भरकटते, हा स्वतःचाच अनुभव आहे.

काम हाती का घेतले, ते आधी लिहून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईकडे उतरत असताना एका वळणाआधी पेडल पायाखाली मऊ पडले आणि दुसऱ्या दाबाला थेट खालच्या पत्र्याला टेकले. वेग तीसच्या आसपास होता आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. या गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर सहज बसवणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे इंजिन पळवून तो कसाबसा बसवला आणि हँडब्रेक थोडाथोडा ओढत गाडी डोंगराकडच्या चरीत घातली. उतरून पाहिले तर मागच्या डाव्या टायरवर आतल्या बाजूने ब्रेक ऑइल ओघळले होते. त्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधला, ऑइल अडवणारा, रुपयाच्या नाण्याहून लहान असा एक रबरी कप फाटला होता आणि तेवढ्याने चारही चाकांचे ब्रेक गेले होते.

मिस्त्रींनी कप बदलून गाडी दुसऱ्या दिवशी चालती केली. पण फाटलेला कप हे निमित्त होते, खरी अडचण रचनेत आहे. विलिस कंपनीने १९५३ मध्ये हा नमुना आणला तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे यात एकच कप्पा असलेला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलणारा पंप आहे. त्यातून एकच नळी निघते, टी-जोडापाशी ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे फुटते, आणि म्हणून कुठल्याही एका टोकाला गळती झाली की सगळीकडचा दाब नाहीसा होतो. अमेरिकेत प्रवासी मोटारींना दोन स्वतंत्र वाटांचे ब्रेक १९६८ पासून बंधनकारक झाले, परंतु जुन्या आराखड्यावर बनणाऱ्या आपल्याकडच्या जीपमध्ये एकेरी व्यवस्थाच राहिली. त्या दिवशी गाडी थांबली ती हँडब्रेकमुळे. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवरच्या एका लहान ड्रमवर चालतो, तारेने ओढला जातो आणि ब्रेक ऑइलशी त्याचा काहीही संबंध नाही.

३ डिसेंबर २०२३

आज फक्त उघडून पाहणी केली. ड्रमला घासणाऱ्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता गृहीत धरून कॉम्प्रेसरची हवा वापरली नाही. सर्व धूळ ओल्या फडक्याने पुसून फडकी पिशवीत बांधली. हवेच्या झोताने ड्रम साफ करण्याची आपल्या गॅरेजांमधली सवय सुटायला हवी.

ड्रमचे मूळ माप ९ इंच, म्हणजे २२८.६ मिलिमीटर आहे. चारांपैकी सर्वांत झिजलेला ड्रम २२९.३ भरला आणि त्याच्या आतल्या पृष्ठभागावर नखाला लागतील अशा चरी आहेत. मूळ मापाहून दीड मिलिमीटरपर्यंत ड्रम कातता येतात असे सर्वसाधारणपणे मानतात. मी मात्र २३०च्या पुढे जाऊ देणार नाही. पुढच्या चाकांचे सिलिंडर १ इंचाचे आणि मागचे पाऊण इंचाचे आहेत, म्हणजे ते मूळ मापांचेच आहेत.

दोन गोष्टी पाहून मात्र वाईट वाटले. पुढच्या उजव्या चाकात दोन्ही शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या, लायनर बसवलेल्या कमानी) उलटसुलट बसवलेले निघाले. या ब्रेकमध्ये पुढच्या बाजूच्या शूवर लांब लायनर असतो आणि मागच्या बाजूच्या शूवर आखूड, कारण गाडी पुढे जात असताना ड्रमचे फिरणे पुढच्या शूला स्वतःहून आत खेचते व कामाचा मोठा वाटा तोच उचलतो. ते उलटे असताना गाडी किती वर्षे चालवली कोण जाणे. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते, ही तक्रार मी स्टिअरिंगच्या माथी मारत आलो होतो. दुसरे म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरची नळी तांब्याची आहे, आणि तीही फ्रिजमध्ये वापरतात तसली. शुद्ध तांबे हादऱ्यांनी कडक होत जाते आणि मग वाकणापाशी तडकते. नळी वाकवायला सोपी म्हणून ती घातली गेली असणार.

१० डिसेंबर २०२३

डिस्क की ड्रम, हा प्रश्न आज मिटवला. ओळखीच्या प्रत्येकाने पुढे डिस्क बसवण्याचाच सल्ला दिला होता आणि माझाही कल तिकडेच होता. डिस्क लवकर थंड होते, ओढा ओलांडल्यावर एक-दोन दाबांत कोरडी होते, आणि तापून ब्रेक मंदावण्याचा त्रास तिच्यात कमी. ड्रममध्ये पाणी शिरले की पेडल हलके दाबून धरत बरेच अंतर चालवावे लागते. हे सगळे मान्य आहे.

तरीही पुठ्ठ्याचे कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारा भाग) कापून चाकात धरून पाहिले तेव्हा दोन अडचणी दिसल्या. कॅलिपर १६ इंची रिमच्या आतल्या बाजूला घासत होता, म्हणून चाक बाहेर ढकलावे लागले असते आणि त्याचा भार बेअरिंगवर व किंगपिनवर (चाक ज्यावर वळते त्या पिनवर) गेला असता. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कॅलिपरचा ब्रॅकेट टाय-रॉडच्या (पुढची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांडीच्या) टोकापाशी बोटभर अंतरावर येत होता, तोही गाडी स्थिर उभी असताना. खडकाळ वाटेवर ते बोटभर अंतर राहील, याची खात्री मला देता येत नाही. ज्या दिवशी पेडल पत्र्याला टेकले त्या दिवशी पुढे डिस्क असती तरीही एकेरी वाटेमुळे ती निकामीच ठरली असती, हे तर वेगळेच.

म्हणून ड्रम ठेवायचे, ते नीट करायचे, आणि वाट दुहेरी करायची असे ठरले. मिस्त्री म्हणाले, "दादा, एवढा खटाटोप कशाला? नवा मास्टर बसवा, दहा वर्षं बघायला नको." त्यांना पसरणीची गोष्ट पुन्हा सांगितली. ते हसले, पण लेथवाल्या काकांचा पत्ता त्यांनीच दिला.

जाता जाता एक नोंद. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करण्याची सोय २०२१ मध्ये झाली आणि ही गाडी आता त्या वयाला येते आहे. परंतु अशा वाहनाचे मूळ रूप जपावे लागते आणि ते नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आमची गाडी शेतावर जाते, म्हणून साधी नोंदणीच पुढे चालू ठेवणार. चॅसीला नवे भोक पाडायचे नाही किंवा वेल्डिंग करायचे नाही, असे बंधन मात्र स्वतःहून घालून घेतले आहे.

२४ डिसेंबर २०२३

मास्टर सिलिंडरची निवड झाली. वहीत आकडे मांडल्याशिवाय दुकानात जायचे नाही असे ठरवले होते आणि त्याचा उपयोग झाला.

पेडल ज्यावर झुलते त्या खिळीपासून पायपट्टीपर्यंतचे अंतर ३०० मिलिमीटर आणि खिळीपासून मास्टरला ढकलणाऱ्या दांडीच्या पिनपर्यंतचे ५० मिलिमीटर आहे, म्हणजे तरफ सहापट. पायाचा जोर ४० किलो धरला तर दांडीवर २४० किलो येतात. जुन्या १ इंची मास्टरचे क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर आहे, त्यामुळे नळ्यांमधला दाब चौरस सेंटिमीटरला ४७ किलो होतो. तोच जोर ७/८ इंची मास्टरवर, म्हणजे ३.८८ चौरस सेंटिमीटरवर दिला, तर दाब ६२ किलोच्या जवळ जातो. अर्थात बोअर (आतला व्यास) लहान झाला की तेवढेच ब्रेक ऑइल ढकलण्यासाठी दट्ट्याला सुमारे ३० टक्के जास्त अंतर जावे लागते. फुकट काही मिळत नाही. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे यंत्र) न लावता पेडल हलके व्हावे म्हणून मी ७/८ इंची टँडम, म्हणजे दोन कप्प्यांचा मास्टर घेतला. त्याच्या दोन्ही कप्प्यांची चाल प्रत्येकी १८, मिळून ३६ मिलिमीटर आहे.

दुकानात एक चूक थोडक्यात टळली. बूस्टरवर बसणाऱ्या मास्टरच्या दट्ट्यात दांडीसाठी अगदी उथळ खळगा असतो, कारण तिथे बूस्टरच दांडीला सरळ रेषेत धरून ठेवतो. थेट पेडलला जोडायच्या मास्टरमध्ये तो खळगा खोल लागतो, नाहीतर पेडल झटक्याने वर आल्यावर दांडी निसटू शकते. पहिल्यांदा पुढे ठेवलेला नग उथळ खळग्याचा होता, म्हणून दुसरा मागितला.

आणखी एक बारकावा आहे. जुन्या मास्टरच्या तोंडाशी एक लहान झडप असते. पेडल सोडल्यावरही ती नळ्यांत थोडा दाब राखते, त्यामुळे व्हील सिलिंडरच्या कपांच्या कडा भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत ओढली जात नाही. नव्या टँडममध्ये ही झडप नाही. त्यावर उपाय म्हणून व्हील सिलिंडरच्या किटमध्ये स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना पत्र्याच्या वाट्या असलेले नग निवडले. कपाच्या कडा आतून ताणून धरण्याचे काम त्या वाट्या करतात.

७ जानेवारी २०२४

मूळ मास्टर चालकाच्या पायाखाली, चॅसीच्या उजव्या बाजूला दोन बोल्टांवर बसतो. टँडम लांब असल्याने ८ मिलिमीटर पट्टीचा ब्रॅकेट करून घेतला. तो मूळच्याच दोन भोकांवर बसतो आणि चॅसीला हात लावावा लागला नाही. सायलेन्सरचा पाइप आमच्या गाडीत तिथून वीतभर अंतरावरून जातो, म्हणून मध्ये उष्णता अडवणारा पत्रा दिला.

ऑइलची टाकी डॅशच्या पुढच्या पत्र्यावर नेली आणि दोन रबरी नळ्यांनी खाली मास्टरला जोडली. त्यामुळे दोन गोष्टी साधल्या. पातळी पाहण्यासाठी पायाखालचे झाकण उघडून चिखलात बोट घालण्याची गरज उरली नाही, आणि टाकी चाकांपेक्षा उंच गेल्याने ऑइल उलट वाहून परतण्याचा प्रश्नही संपला. या नळ्यांसाठी पेट्रोलची रबरी नळी चालत नाही, ब्रेक ऑइलने ती फुगते. ब्रेकच्याच कामाची नळी मागवावी लागली.

मुख्य नळ्या ३/१६ इंची, तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या टाकल्या. ही नळी हाताने वाकते आणि गंजत नाही, तांब्यासारखी लवकर तडकतही नाही. टोके पसरवून दुमडली, म्हणजे दुहेरी फ्लेअर केले. जुन्या जोडांचे आटे इंची आणि नव्या मास्टरचे मेट्रिक, त्यामुळे मधले दोन जोड लेथवर करून घ्यावे लागले. एका मापाचा नट दुसऱ्या मापाच्या जोडात दोन आटे सहज जातो आणि मग आवळत राहण्याचा मोह होतो. त्या मोहाने गळके झालेले जोड मी पाहिले आहेत.

ब्रेक लाइटचा जुना स्विच ऑइलच्या दाबावर चालत असे. आता दाब दोन वाटांत विभागला गेल्याने पेडलच्या दांड्यावर साधा यांत्रिक स्विच लावला.

१४ जानेवारी २०२४

भोगी असल्याने दुपारपर्यंतच काम केले. चारही ड्रम कातून आले आणि सर्व २२९.८च्या आत आहेत. काकांनी नव्या लायनरची गोलाई प्रत्येक ड्रमला जुळवून घासून दिली. ती जुळवली नाही, तर लायनर केवळ मध्यभागी किंवा केवळ टोकांना टेकतो आणि नवे ब्रेक जुन्याहून वाईट वाटतात. शू योग्य क्रमाने बसवले. लांब लायनर पुढे, हे ड्रम लावण्यापूर्वी दोनदा पाहिले.

२१ जानेवारी २०२४

ब्रेक ऑइल भरले. त्याला सगळे ऑइल म्हणतात, पण ते खनिज तेल नव्हे. कप धुण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरले तर रबर फुगून महिनाभरात निकामी होते. डॉट ४ दर्जाचे घेतले. कोरड्या स्थितीत त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, आणि हवेतली आर्द्रता शोषून घेतल्यावर तो १५५पर्यंत उतरलेला चालतो असे मानकच सांगते. आमच्याकडचा पावसाळा पाहता दर दोन वर्षांनी ते बदलायचे, असे टाकीवर रंगाने लिहिले आहे.

मास्टर बसवण्याआधी शिकंज्यात धरून त्यातली हवा काढली होती. आता सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. भाऊ पेडल मारत होता आणि मी निपल (चाकापाशी हवा बाहेर सोडण्याचा स्क्रू) उघडत होतो. तिसऱ्या फेरीनंतर पेडल घट्ट झाले.

२८ जानेवारी २०२४

आजचा दिवस निराशेचा होता, तरी सर्व नोंदींत मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

दोन वाटा केल्या म्हणजे एक गेली तरी दुसरी चालते, असे आपण धरून चालतो. चालते की नाही, ते पाहायचे होते. गाडी घोड्यांवर ठेवून आधी पुढच्या चाकाचा निपल उघडा केला, त्याला नळी लावून बाटलीत सोडली आणि भावाला पेडल दाबायला सांगितले. पेडल खूप खाली गेले, पण पत्र्याच्या अगदी जवळ येऊन थांबले आणि मागची चाके धरली गेली. मग तो बंद करून मागचा निपल उघडला. या खेपेला पेडल पत्र्याला टेकले आणि पुढचे चाक मी हाताने सहज फिरवू शकलो. म्हणजे नव्या मास्टरवर, नव्या नळ्यांवर इतका खर्च करूनही, मागचा कप फाटला तर माझी गत पसरणीच्या घाटात झाली तशीच होणार होती!

रात्री आकडे मांडले तेव्हा कारण स्पष्ट झाले. पायपट्टीपासून पत्र्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतर आहे. सहापट तरफेने दांडीला त्यातले २५ मिलिमीटर मिळतात, आणि मोकळ्या चालीचे २ वजा जाता २३ उरतात. सगळे ठीक असताना दोन्ही वाटा मिळून सुमारे १२ मिलिमीटर पुरतात, म्हणून रोजच्या वापरात काहीच जाणवत नाही. पुढची वाट उघडी पडली तर तिच्या कप्प्याचे १८ मिलिमीटर वाया जातात, त्यापुढे मागच्या लहान सिलिंडरांना साडेचार मिलिमीटर लागतात. बेरीज साडेबावीस, म्हणून ते जेमतेम जमले. मागची वाट उघडी पडली तर मात्र त्या अठरांवर पुढच्या मोठ्या सिलिंडरांचे जवळपास आठ, म्हणजे एकूण २६ मिलिमीटर लागतात, आणि माझ्याकडे तर २३च आहेत. मास्टर निवडताना मी फक्त दाबाचा हिशेब केला होता. पेडलच्या चालीचा हिशेबच केला नव्हता.

४ फेब्रुवारी २०२४

तरफ कमी करणे हाच उपाय होता. पेडलच्या दांड्यावर पिनचे भोक खिळीपासून ५० ऐवजी ६० मिलिमीटरवर घेतले आणि मास्टरचा ब्रॅकेट तेवढाच सरकवला, म्हणजे दांडी तिरकी होणार नाही. जुन्या भोकाला हात लावलेला नाही. आता तरफ पाचपट झाली. १५० मिलिमीटरमधून दांडीला ३० मिळतात, मोकळी चाल वजा जाता २८. गरज २६ची आहे.

दाबाचा तोटा मोजला. ४० किलोच्या जोराला दांडीवर २०० किलो आणि नळीत चौरस सेंटिमीटरला साडेएक्कावन्न किलो. बासष्टचे स्वप्न गेले, पण जुन्या सत्तेचाळीसपेक्षा हे अजूनही सरस आहे. १ इंची मास्टर घेतला असता तर हाच आकडा ३९ झाला असता आणि पेडल जुन्याहून जड झाले असते. लहान बोअर घेण्याचा निर्णय चुकीच्या हिशेबावर घेतला होता, पण योगायोगाने बरोबर ठरला.

चाचणी पुन्हा केली. मागचा निपल उघडा असताना पेडल पत्र्याच्या बोटभर वर थांबले आणि पुढचे चाक दोघांनी मिळून फिरवले तरी हलले नाही. शू आणि ड्रममधले अंतर वाढले की हे बोटभर अंतर खाल्ले जाईल. या ब्रेकना आपोआप जुळणी नाही, म्हणून दर ३००० किलोमीटरला शू जवळ घ्यायचे, हेही टाकीवर लिहिले.

११ फेब्रुवारी २०२४

पहाटे रिकाम्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर चाचणी घेतली. पहिल्या पाच किलोमीटरांतच गाडी अडखळू लागली, पेडल दगडासारखे झाले आणि चारही ड्रमना हात लावण्याची सोय राहिली नाही. कारण माझा निष्काळजीपणा. पिन हलवल्यावर दांडीची लांबी जुळवताना मोकळी चाल ठेवायची राहून गेली होती. दट्ट्या पूर्ण मागे येत नसल्याने टाकीकडे जाणारे बारीक छिद्र झाकलेले राहिले, आणि तापलेले ऑइल फुगून परत जाण्याऐवजी स्वतःच ब्रेक लावत बसले. मास्टरचा जोड जरा सैल केल्यावर चिळकांडी उडाली आणि चाके सुटली. दांडी आखूड करून पायपट्टीपाशी १० मिलिमीटर मोकळी चाल ठेवली. हिशेबात ती धरायची आणि गाडीत विसरायची, याला काय म्हणावे! चिळकांडीने जिथे स्पर्श केला तिथला रंगही गेला.

ड्रम थंड झाल्यावर ताशी ४० किलोमीटर वेगावरून थांबण्याचे अंतर मोजले, प्रत्येकी तीन वेळा. काम सुरू करण्यापूर्वी, शरद ऋतूत, याच जागी ते १७ मीटर भरले होते; आता साडेतेरा. पुढची वाट एकटी चालू असताना १८, मागची एकटी असताना ३१ मीटर. एकतीस मीटर फार आहेत, पण थांबण्याची सोय आहे. गाडी डावीकडे ओढण्याचे थांबले.

२५ फेब्रुवारी २०२४

पसरणीचा घाट. चौघे जण आणि मागे सामान, मिळून वजन अंदाजे १५०० किलो. पाचगणी ते वाई सुमारे १२ किलोमीटरांत रस्ता साडेपाचशे मीटरांहून अधिक खाली येतो. एवढ्या उतारात या वजनाची जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिने वीस लिटरहून जास्त पाणी उकळी येईपर्यंत तापेल. ती सगळी ड्रमांवर टाकली तर नवा मास्टर काय करणार? म्हणून दुसरा गिअर, उघड्या वळणांवरच ब्रेक, आणि तो दाबून धरून न ठेवता सोडत-सोडत, असे उतरलो. खाली आल्यावर ड्रमजवळ तळहात नेला. चारही तापलेले होते आणि डाव्या-उजव्यात फरक जाणवला नाही. पेडल वर चढताना जितक्या उंचीवर धरत होते तितक्याच उंचीवर होते.

मागे बसलेल्या वडिलांनी त्या चरीपाशी गाडी थांबवायला लावली. उतरले, मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला वाकून पाहिले, आणि काही न बोलता परत येऊन बसले.

राहिलेले काम : हँडब्रेकच्या ड्रममध्ये ट्रान्सफर केसच्या सीलमधून गिअर ऑइल झिरपते आहे. सील आणि लायनर, दोन्ही पाडव्याआधी बदलायचे.